आचारसंहिता (ऑनलाइन समुदाय)

सभासदांनी एकमेकांशी कसे वागावे, काय खपवून घेतले जाणार नाही आणि तक्रार आल्यास निवाडा कोण व कसा करणार, हे सांगणारा समुदायाचा लेखी दस्तऐवज. पहिले दोन भाग बहुतेक ठिकाणी असतात. तिसरा नसेल तर बाकीचे शोभेपुरते उरतात.

ओळखीपाळखीच्या वीस-पंचवीस जणांचे लेखी नियमांवाचून चालते. अनोळखी लोक येऊ लागले की चालत नाही. लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा (कर्नेल) लिहिणाऱ्या विकासकांनी २०१५ मधला आपला त्रोटक मसुदा बाजूला सारून सप्टेंबर २०१८ मध्ये ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’ ही संहिता स्वीकारली. त्याच दिवसांत लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या ईमेलांतील भाषेबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली.

‘सभ्यपणे वागा’ हा नियम राबवता येत नाही, कारण सभ्यतेची व्याख्या ज्याच्या हाती अधिकार तोच ठरवतो. इंग्रजी विकिपीडियावरचा नियम पाहावा: एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा इतरांची संपादने उलटवायची (म्हणजे त्यांनी केलेले बदल रद्द करायचे) नाहीत. हे मोजता येते आणि पानाच्या इतिहासात कुणालाही दिसते.

निवाड्यासाठी किमान तीन जण असावेत. ज्याचा वादाशी किंवा वाद घालणाऱ्यांशी संबंध आहे त्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हावे. तक्रार मिळाल्याची पोच लगेच द्यावी, मूळ मजकूर तारखेसह जपावा, दुसऱ्या बाजूचे ऐकावे. कारवाई पायरीपायरीने चढते: समज, ताकीद, ठरावीक मुदतीची बंदी, कायमची बंदी. जिवाला धोका असेल किंवा कुणाचा पत्ता, फोन नंबर उघड केला असेल तर मात्र पायऱ्या मोजत बसू नये. अपील वेगळ्या माणसांकडे जावे.

सर्वांत अवघड प्रश्न गोपनीयतेचा. २०१९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर (अ‍ॅडमिनवर) वर्षभराची बंदी घातली, पण सविस्तर कारणे जाहीर केली नाहीत. अनेक प्रचालकांनी राजीनामे दिले. पुढे तिथल्या लवाद समितीने बंदी उठवली. उलट टोकाला क्रोएशियन विकिपीडिया. तिथे प्रचालकांच्याच एका गटाने अनेक वर्षे ताबा ठेवून विरोधकांना रोखले, आणि बाहेरून दाद मागायला सोय नव्हती. तक्रारदाराचे नाव झाकणे योग्यच. आरोप काय आहे हे मात्र आरोपीला कळलेच पाहिजे. विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांसाठीच्या संहितेला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. अंमलबजावणीचे नियम २०२२ च्या मतदानानंतर याच प्रश्नांवर पुन्हा दुरुस्त करावे लागले आणि २०२३ मध्ये दुसऱ्यांदा मतदानाला आले.

सोसायटीच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अ‍ॅडमिन बहुधा आधी मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करतो. त्यात पुरावाच जातो. आधी स्क्रीनशॉट घ्यावा. आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर घाई आणखी, कारण त्यांची मुदत २४ तासही असू शकते. सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याशिवाय, अ‍ॅडमिनला फौजदारीत जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात दिला.