पार्श्वभूमी : द्राक्षवेल खाते काय?

गोडी छाटणी (द्राक्षाच्या फळांसाठीची छाटणी) झाली की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या खत दुकानांत एकच विचारणा असते, आता डोस कोणता सोडायचा? गोणीवर 19:19:19, 12:61:00, 00:52:34 असे आकडे असतात; ते अनुक्रमे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे टक्के. ठिबकमधून दिले की वेल 'जेवली' असे आपण समजतो. हे आकडे गोणीवर येईपर्यंत बरीच उलथापालथ झाली आहे, ती बागायतदाराने जरूर जाणून घ्यावी.

संस्कृतात झाडाला पादप म्हणतात, म्हणजे पायाने पिणारा. मुळे पितात हे जुन्यांना दिसत होते. पण खोडाचे लाकूड येते कुठून? ब्रुसेल्सच्या यान फान हेल्मोंटने 200 पौंड वाळवलेल्या मातीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावले. आपल्या वाळुंजाच्याच कुळातले हे झाड. पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले आणि माती घटली अवघी 2 औंस! सगळे लाकूड पाण्याचेच, असा निष्कर्ष त्याने काढला. हे 1648 साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आले. ते 2 औंस त्याने सोडून दिले. मला सगळ्या कथेत तेच महत्त्वाचे वाटतात, कारण आज गोणीत भरून मिळते ते त्याच 2 औंसांतले.

पुढचा प्रयोग तर द्राक्षवेलीवरच झाला. छाटलेल्या काडीच्या टोकातून पाणी टपकताना आपण पाहतोच. इंग्लंडच्या स्टीफन हेल्सने वेलीच्या छाटलेल्या बुंध्यावर काचेच्या नळ्या जोडल्या, तर मुळांच्या दाबाने रस 21 फूट चढला. त्याचे हे काम 1727 मध्ये प्रसिद्ध झाले.

हवेचा वाटा मात्र उशिरा उमगला. जोसेफ प्रीस्टलीला दिसले की मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याने पुन्हा शुद्ध होते. 1779 मध्ये यान इंगेनहाउझने दाखवले की हे काम फक्त हिरवे भाग करतात आणि तेही उन्हातच. 1804 मध्ये स्वित्झर्लंडच्या द सोस्यूरने मोजमापे करून सिद्ध केले की झाडाचा कार्बन हवेतून येतो आणि वजनात पाण्याचाही वाटा असतो. वाळलेल्या झाडाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच असतात. घडापुढे पुरेशी पाने राखून मगच शेंडा मारायचा (काडीचे टोक खुडायचे), ही आपल्या बागेतली रीत याच कारणाने बरोबर आहे. घडातली साखर पानात तयार होते, गोणीत नाही.

तरीही काळी कुजलेली माती हेच झाडाचे अन्न, हा समज युरोपात टिकून होता. तो मोडला जर्मनीच्या कार्ल श्प्रेंगेलने आणि 1840 मध्ये युस्टुस फॉन लीबिगने. झाडाला मातीतून खनिजे लागतात आणि जे सर्वांत कमी पडते तेच वाढ रोखते, असे त्यांनी सांगितले. नत्र, स्फुरद, पालाश यांचे आजचे हिशेब तिथून सुरू होतात. पुढे 1860च्या सुमारास युलियस साक्सने मातीशिवाय, नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवून दाखवली.

त्याच 1840च्या दशकात फ्रान्समध्ये पिवळ्या पडलेल्या द्राक्षवेली लोहक्षारांनी हिरव्या झाल्या. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीतही कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. लोह मातीत भरपूर असते, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. म्हणून माती परीक्षणात लोह पुरेसे दिसले तरी वेल उपाशी असू शकते. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे देठ तपासायला पाठवतात ते यासाठीच : वेलीच्या आत पोहोचले किती, ते देठ सांगतो.