नारू गेला, पण औषधाने नाही

आजच्या पोरांना नारू म्हणजे काय विचारलं तर माहीत नसणार, पण गावाकडे साठी-सत्तरीच्या माणसाला विचारून बघा, लगेच पायाकडे हात जाईल. हा जंत पाण्यातून येतो. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक किडे असतात, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं, ते पाणी न गाळता प्यायलं की किडा पोटात मरतो आणि पिल्लं मोकळी. मग वर्षभर काहीच कळत नाही, आणि एक दिवस पायावर फोड येतो, अशी आग होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, फोड फुटतो आणि मादी हजारो पिल्लं त्याच पाण्यात सोडते. म्हणजे आग विझवायला गेलेला माणूसच अख्ख्या गावाचं पाणी नासवणार!

आपल्याकडे खरी अडचण पायऱ्यांच्या विहिरींची. बारवेत उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरायची, म्हणजे दुखरा पाय आणि प्यायचं पाणी एकाच जागी. जंत जवळपास मीटरभर लांब, बाहेर डोकावला की काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, घाई केली आणि तुटला की आत सूज, पू, कित्येक आठवडे अंथरूण. ही काडीची पद्धत फार जुनी आहे, इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथातही ती असल्याचं मानतात. नारू सायक्लॉप्समधून पसरतो हा धागा मात्र १८७० च्या सुमारास फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने पकडला.

भारतात निर्मूलनाचा कार्यक्रम १९८३-८४ ला सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्र धरून सात राज्यांत जवळपास ४० हजार रुग्ण होते. लस नाही, जंत मारणारं औषध नाही, आजही नाही. मग केलं काय, तर पायऱ्या बंद करून वरून दोराने पाणी काढायच्या विहिरी केल्या, हातपंप बसवले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमिफॉस टाकलं आणि हंड्यावर दुहेरी फडकं बांधायला लावलं. फडकं! शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

जगात १९८६ ला ३५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता, २०२३ मध्ये माणसांत फक्त १४. पण आफ्रिकेतल्या चाड देशात आता तो कुत्र्यांत घुसलाय, बहुतेक कच्च्या माशांमधून, म्हणून तिथे लोकांना सांगतात की मासा नीट शिजवा आणि आतडी कुत्र्यांना टाकू नका, पुरून टाका.