घरच्या वाय-फायची सुरक्षा

घरातल्या राउटरचं नेटवर्क परक्याने न विचारता वापरू नये आणि त्यावरून जाणारा डेटा वाचू नये, ह्यासाठी करायच्या उपायांना मिळून हे नाव. सिग्नल भिंतीपाशी थांबत नाही, जिन्यात, शेजारच्या फ्लॅटमध्ये, खाली रस्त्यावरही रेंज येते.

डेटा कूटबद्ध करायची पहिली पद्धत डब्ल्यूईपी, १९९७ च्या ८०२.११ ह्या वाय-फायच्या मूळ मानकातलीच. तिची किल्ली, म्हणजे डेटा कूटबद्ध करणारा गुप्त आकडा, ४० बिटांची का, तर बहुतेक जण अमेरिकेच्या कूटबद्धीकरणावरच्या त्यावेळच्या निर्यातबंधनांकडे बोट दाखवतात आणि ते पटण्यासारखं आहे, पण ती पद्धत फुटल्याचा सगळा दोष लांबीला देणं बरोबर वाटत नाही, कारण पुढे १०४ बिटांची किल्ली आली तरी पद्धत फुटलीच. खरं दुखणं वेगळं होतं: डेटाच्या दर पॅकेटला, म्हणजे तुकड्याला, बदलणारा आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे साधारण १ कोटी ६७ लाख पर्याय, आणि तो कसाही निवडला जात असेल तर ५ हजारांच्या आसपास पॅकेटांतच एखादा आकडा परत येण्याची शक्यता निम्म्यावर जाते, वर तो किल्लीच्या पुढे नुसता चिकटवून आरसी४ ह्या कूटबद्ध करणाऱ्या गणिती रीतीला द्यायचे. ह्या जोडणीतूनच किल्ली काढता येते हे फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ मध्ये दाखवलं, २००७ मध्ये डार्मस्टाटच्या संशोधकांनी ते काम मिनिटाच्या आत आणलं.

डब्ल्यूईपीच्या जागी आलेलं २००३ चं डब्ल्यूपीए तात्पुरतं होतं, २००४ पासूनचं डब्ल्यूपीए२ एईएस ही भक्कम कूटरीत वापरतं आणि अजून बऱ्याच घरांत तेच आहे. त्यात पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा, पण कनेक्ट होतानाची देवाणघेवाण कोणी पकडली तर तो घरी बसून पासवर्डाचे हवे तितके अंदाज लावू शकतो. आपल्याकडे सर्रास मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवतात, ते फार धोक्याचं, चांगल्या ग्राफिक्स कार्डाला असे सगळे नंबर तपासायला काही तास पुरतात. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ने ही वाट बंद केली, २०१९ मध्ये त्यातही त्रुटी निघाल्या, तरी राउटर आणि फोन दोन्हींना चालत असेल तर तेच घ्यावं.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय, मात्र बंदच करा. त्याचा पिन ८ अंकी दिसतो, पण राउटर दोन भाग वेगळे तपासतो आणि शेवटचा अंक नुसता पडताळणीचा, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्न लागतात. हे २०११ च्या शेवटी उघड झालं. नेटवर्कचं नाव लपवणं, मॅक फिल्टर लावणं (ठरावीक उपकरणांच्या मॅक पत्त्यांनाच, म्हणजे त्यांच्या हार्डवेअर क्रमांकांनाच, प्रवेश देणं) ह्यांचा उपयोग नगण्य, नाव आणि मॅक पत्ते दोन्ही हवेतून उघड्या वाचता येतात. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलणं आणि फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं हे ओघाने आलंच.

भारतात हा विषय चर्चेत आला तो २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी. स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायवरून गेला होता, त्याच्या नकळत. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून मगच सेवा देण्याच्या सूचना दिल्या.