क्युसेकने विकलेली नदी

पावसाळ्यात ‘धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग’ अशी बातमी आली की नदीकाठच्या माणसांच्या पोटात गोळा येतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. अमेरिकेत एक गाव असं होतं, जिथे याच मापाने नदी विकली जायची. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लॉवेल.

इथे मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी थोड्याशा अंतरात जवळजवळ 32 फूट खाली उतरते. पेनाकुक आदिवासी पिढ्यान् पिढ्या इथे सॅमन मासा धरायचे. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांना मात्र त्या उतारात शक्ती दिसली. पाण्यापासून किती शक्ती मिळेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं.

या व्यापाऱ्यांचा म्होरक्या होता फ्रान्सिस कॅबट लॉवेल. ब्रिटनमधून यंत्रांचे आराखडे बाहेर न्यायला बंदी होती, म्हणून त्याने तिथल्या गिरण्या हिंडून यंत्रमाग डोक्यात साठवून आणला. पॉल मूडी या कारागिराच्या मदतीने 1814 मध्ये वॉल्टहॅमला गिरणी सुरू केली. एका दाराने कापूस आत, दुसऱ्या दाराने कापड बाहेर. तिथली चार्ल्स नदी पुढे अपुरी पडू लागली. लॉवेल 1817 मध्येच वारला, पण त्याच्या भागीदारांनी मेरिमॅकचा काठ गाठला आणि गावाला त्याचं नाव दिलं.

बोटींसाठी 1796 मध्ये खणलेला जुना कालवा त्यांनी रुंद केला आणि त्याला फाटे काढले. ते खणायला ह्यू कमिस्की आयरिश मजुरांची टोळी घेऊन चालत आला होता. कालव्यांच्या मालक कंपनीने पाणी विकायला खास एककच ठरवलं, ‘मिल पॉवर’: 30 फुटांवरून पडणारं 25 क्युसेक पाणी. वॉल्टहॅमच्या 3,584 चात्यांच्या (सूत कातायच्या फिरत्या काड्यांच्या) गिरणीला जेवढं पाणी लागायचं, त्यावरून हा हिशेब बसवला होता. चाकाच्या आसावर त्यातून सुमारे 60 अश्वशक्ती मिळायची.

गिरण्या पाच-सहा मजली का असत, याचं उत्तरही पाण्यातच आहे. पाणचक्की तळघरात. तिथून शक्ती दांड्यांनी आणि चामडी पट्ट्यांनी वर न्यायची. दांडा जितका लांब, तितकी घर्षणात शक्ती वाया. मग इमारत आडवी पसरवण्यापेक्षा उभी केलेली बरी. खाली पिंजण, त्यावर कताई, त्याच्याही वर माग. कापूस एकेक मजला चढत कापड व्हायचा.

पुढे पाणचक्कीच्या जागी टर्बाइन आली. युराया बॉयडनच्या टर्बाइनने पाण्यातल्या शक्तीचा 88 टक्के भाग कामाला लावला. जेम्स फ्रान्सिस या इंजिनिअरने त्यापुढचं काम केलं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. तळाशी वजन भरलेल्या पत्र्याच्या नळ्या तो पाण्यात उभ्या तरंगत सोडायचा आणि ठरलेलं अंतर कापायला त्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचा. अशा चिकाटीच्या मोजमापांतून पाणी बाहेरून आत, मध्याकडे घेणारी टर्बाइन त्याने सुधारली. ती आजही ‘फ्रान्सिस टर्बाइन’ म्हणून चीनच्या थ्री गॉर्जेस धरणावर फिरते. आपल्या घाटघरच्या वीजप्रकल्पातली उलटसुलट फिरणारी, म्हणजे एका दिशेने वीज करणारी आणि उलट फिरून पाणी वर चढवणारी टर्बाइनही त्याच जातकुळीची.

नदी अशी थेंबाथेंबाने मोजली गेली आणि माणसाचा दिवसही तसाच मोजला जाऊ लागला. गिरणीत बहुतेक न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या. कंपनीच्या खानावळीत राहायचं, कंपनीच्या घंटेवर उठायचं. शेतावर कष्ट कमी नव्हते, पण तिथे उजेड आणि ऋतू वेळ ठरवायचे. इथे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला पहिली घंटा व्हायची. दिवसाचं काम बारा तासांहून जास्त. ओलसर हवेत सुती धागा कमी तुटतो, म्हणून खिडक्या बंद. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली की त्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचा, आणि धाग्याबरोबर तूस छातीत जायचं. ही हकिगत गिरणगावातल्या घरांना परकी वाटणार नाही.

कापूस यायचा दक्षिणेतून. एली व्हिटनीच्या सरकी काढायच्या यंत्राला 1794 मध्ये पेटंट मिळालं, कापसाचा पेरा पसरत गेला आणि त्याबरोबर गुलामगिरीही. 1790 मध्ये सुमारे सात लाख गुलाम होते, 1860 मध्ये जवळजवळ चाळीस लाख. लॉवेलमध्ये विणलेलं जाडंभरडं कापड त्याच गुलामांच्या अंगावर परत जायचं. मळ्यांवर त्या कापडाचं नावच ‘लॉवेल’ पडलं होतं. गिरण्यांच्या गौरवकथेत ही ओळ गाळली तर ती कथा खोटी ठरते.

दक्षिणेचा कापूस जहाजाने बॉस्टनला उतरायचा आणि पुढे मिडलसेक्स या वेगळ्या, वाहतुकीच्या कालव्याने लॉवेलला. पण हिवाळ्यात कालवा गोठायचा. म्हणून 1835 मध्ये 42 किलोमीटरची बॉस्टन-लॉवेल रेल्वे सुरू झाली. पक्कं काम करायचं म्हणून रुळांखाली ग्रॅनाइटचे दगड घातले. दगड काही दबत नाही. प्रत्येक धक्का सरळ डब्याला आणि इंजिनाला. लाकडाचे स्लीपर थोडे दबतात आणि धक्का पचवतात. शेवटी तेच घालावे लागले.

इकडे गिरण्यांत यंत्रांचा वेग वाढत गेला आणि एकेका मुलीकडे जास्त माग आले. 1834 मध्ये मजुरी कापली तेव्हा सुमारे 800 जणींनी काम बंद केलं. 1836 मध्ये खानावळीचे दर वाढले, तेव्हा त्याहून जास्त बाहेर पडल्या. 1845 मध्ये विणकाम करणारी सारा बॅगली दहा तासांच्या दिवसाची मागणी घेऊन विधिमंडळाच्या समितीपुढे उभी राहिली. मागे हजारो सह्या होत्या. समितीने ऐकून घेतलं आणि हा आपला विषय नाही असं ठरवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये बायकामुलांसाठी दहा तासांचा कायदा व्हायला 1874 साल उजाडलं.