मिसळणाचा डबा आणि कोठीचं दार: दोन ग्राफिक्स कार्डांचा हिशेब

ग्राफिक्स कार्ड (संगणकाच्या पडद्यावरचं चित्र घडवणारं कार्ड) घ्यायला निघालेला माणूस खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा आधी वाचतो. ‘१२ जीबी’चं कार्ड ‘८ जीबी’च्या कार्डापेक्षा वेगवान असणारच, हा समज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर जितका पक्का, तितकाच ऑनलाइन खरेदीतही. दुसरा समज उलट्या बाजूचा: नंबर पुढचा, म्हणजे कार्ड सगळ्याच बाबतींत पुढचं. एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० (फेब्रुवारी २०२१, १२ जीबी) आणि आरटीएक्स ४०६० (जून २०२३, ८ जीबी) ही दोन कार्डं शेजारी ठेवली, की दोन्ही समज एकाच वेळी तपासता येतात.

आधी गणिताची ताकद. ३०६० मध्ये ३५८४ कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आहेत आणि त्यांचं बूस्ट क्लॉक, म्हणजे कामाच्या वेळचा ठोक्यांचा वेग, १७७७ मेगाहर्ट्झ. ४०६० मध्ये कोअर कमी, ३०७२, पण क्लॉक २४६०. प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करतो, म्हणून कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन. उत्तर येतं १२.७ आणि १५.१ टेराफ्लॉप; सेकंदाला इतके लाख कोटी हिशेब. म्हणजे नवं कार्ड १९ टक्के पुढे. शिवाय ते चिपनिर्मितीच्या जास्त सूक्ष्म प्रक्रियेवर घडवलेलं असल्यामुळे विजेची कमाल गरज १७० वॅटवरून ११५ वर आली. रोज चार तास पूर्ण भाराने चालवलं तर वर्षाला साधारण ८० युनिट वाचतात.

मेमरीकडे आलं की पारडं फिरतं. जीडीडीआर६ मेमरीची एक चिप ३२ बिट रुंदीने जोडलेली असते आणि ती १ किंवा २ जीबीची मिळते. ३०६० ची मेमरी बस (मुख्य चिप आणि मेमरी जोडणाऱ्या तारा) १९२ बिटांची, म्हणजे सहा चिपा. एकसारख्या सहा चिपांचे ६ जीबी होतात किंवा १२. सरळ आठ बसवताच येत नाहीत. ४०६० ची बस १२८ बिटांची, म्हणून चार चिपा आणि ८ जीबी. दर सेकंदाला किती माहिती ये-जा करते ते तारांची संख्या गुणिले प्रत्येक तारेचा वेग (सेकंदाला गिगाबिटमध्ये) भागिले आठ असं काढायचं, कारण आठ बिटांचा एक बाइट; यालाच बँडविड्थ म्हणतात. ३०६० साठी १९२ × १५ ÷ ८, म्हणजे ३६० जीबी. ४०६० साठी १२८ × १७ ÷ ८, म्हणजे २७२ जीबी. दोन वर्षांनी आलेल्या कार्डाची बँडविड्थ जवळपास चौथ्या हिश्श्याने घटली! आणि तरीही १०८०पी (फुल एचडी) वर बहुतेक गेममध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे राहतं.

ही किमया एल२ कॅशेची. ३०६० मध्ये ती ३ एमबी होती, ४०६० मध्ये २४ एमबी आहे. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फोडणीला मोहरी, हिंग, हळद लागली की आपण दरवेळी कोठीच्या खोलीत जात नाही. ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यातून घेतो. कॅशे म्हणजे तो डबा, कार्डावरची मेमरी म्हणजे कोठी आणि बस म्हणजे कोठीचं दार. डबा आठपट मोठा केला की दार अरुंद असूनही अडत नाही, कारण फेऱ्याच कमी होतात.

आता डब्यात मावतं काय ते बघू. १०८०पी चं चित्र म्हणजे १९२० × १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे ४ बाइट धरले तर ८.३ एमबी. खोलीच्या माहितीचे (कुठला ठिपका पुढे, कुठला मागे) आणखी तितकेच. एकूण १६.६ एमबी, २४ मध्ये मावले. १४४०पी ला हाच हिशेब २९.५ एमबी होतो, मावत नाही. ४के ला नुसता रंगच ३३ एमबी. खऱ्या गेममध्ये चित्राच्या माहितीचे असे अनेक साठे (बफर) असतात, टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) असतात आणि काम तुकड्यातुकड्यांनी चालतं, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण दिशा अचूक सांगतो. रेझोल्यूशन (चित्रातले ठिपके) वाढवाल तशी कॅशेत सापडणारी माहिती कमी होते आणि अरुंद दार जाणवू लागतं.

म्हणूनच एनव्हिडियाने ४०६० साठी दिलेला ‘४५३ जीबी प्रभावी बँडविड्थ’ हा आकडा जपून वाचावा. २७२ भागिले ४५३ म्हणजे ०.६, शंभरातल्या चाळीस मागण्या कॅशेतच भागतात असं धरल्यावर तो आकडा निघतो. चाळीसचं प्रमाण कामागणिक बदलतं. तारांमधून वाहणारी माहिती २७२ जीबीच राहते.

घरच्या संगणकावर भाषा-मॉडेल (चॅटबॉटसारखा मजकूर रचणारा प्रोग्राम) चालवताना हे फार स्पष्ट दिसतं. मॉडेल एकेक शब्दतुकडा तयार करताना स्वतःचे जवळजवळ सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचून काढतं. ७ जीबीचं मॉडेल असेल तर एका तुकड्यामागे ७ जीबी. इथे मिसळणाचा डबा निरुपयोगी. दळणाला कोठीतलं सगळं धान्य बाहेर काढायचं असेल तर दारच रुंद हवं. कमाल मर्यादा ३०६० वर ३६० ÷ ७, म्हणजे सेकंदाला ५१ तुकडे, आणि ४०६० वर ३९. प्रत्यक्षात दोन्ही याच्या खालीच राहतात. १० जीबीचं मॉडेल तर ४०६० मध्ये मावतच नाही. ‘एआय’ची जाहिरात वाचून नवं कार्ड घेणाऱ्याने हा भागाकार आधी करावा.

मग दार अरुंद का केलं? मेमरीशी बोलणारी मंडलं चिपच्या कडेला बसतात आणि प्रक्रिया सूक्ष्म झाली तरी बाकीच्या मंडलांइतकी आक्रसत नाहीत. चिप २७६ चौरस मिलिमीटरवरून १५९ वर आणल्यावर कडाही आखूड झाली. त्यात चिपच्या बाहेरून माहिती आणायला आतल्यापेक्षा खूप जास्त वीज लागते. वाचलेल्या वॅटमध्ये याचाही वाटा आहे.

८ जीबी भरले की काय होतं? उरलेली माहिती संगणकाच्या रॅममध्ये जाते आणि पीसीआय एक्स्प्रेसमधून (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या मार्गातून) ये-जा करू लागते. ४०६० इथे फक्त आठ लेन (त्या मार्गातल्या मार्गिका) वापरतं: चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर सेकंदाला सुमारे १६ जीबी, तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर सुमारे ८. ३०६० ला सोळा लेन आहेत, म्हणून जुन्या बोर्डवरही १६ मिळतात. मेमरी भरल्यावर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (एकेका चित्राची) सरासरी ठीक दिसते, पण गेममध्ये मान वळवली की चित्र अडखळतं किंवा भिंतींवरचे टेक्स्चर पुसट राहतात. उपाय साधा: टेक्स्चर एक पायरी खाली आणा. बाकीच्या बऱ्याचशा सेटिंग कमी करून मेमरीत तितका फरक पडत नाही.

एनव्हिडियाचं स्वतःचं ‘फ्रेम जनरेशन’ या दोहोंपैकी फक्त ४०६० वर आहे. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक रचलेली फ्रेम घालतं. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसचा प्रतिसाद वाढत नाही, उलट थोडा लांबतो. आणि त्यालाही मेमरी लागते. तुलनेच्या तक्त्यात हे सुरू ठेवलेले आकडे वेगळे काढावेत.

स्वतः मोजायचं असेल तर दोन्ही कार्डं एकाच संगणकात, एकाच ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर), दहा मिनिटं तापवून मोजा. तोच प्रसंग तीनदा चालवा. सरासरीसोबत सर्वांत संथ एक टक्का फ्रेम बघा, अडखळणं तिथे सापडतं. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली दिसला तर बहुधा प्रोसेसर अडवतोय आणि ती तुलना कार्डांची राहिलीच नाही.

जुनं ३०६० घेताना जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवून बस विड्थ वाचा. १९२ दिसली तर ठीक. याच नावाने ८ जीबीचंही कार्ड विकलं गेलं आहे; त्याची बस १२८ बिटांची, बँडविड्थ २४० जीबी, आणि कॅशे मात्र जुनीच छोटी. तेवढं टाळा. त्याच खिडकीत लेनच्या ओळीत ‘१.१’ दिसलं तर दचकू नका. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी सुरू करा, खरा आकडा लगेच वर येतो.