बाहुलीचा हात का लांबतो?

चिंध्यांची बाहुली करायला बसलेल्या मुलांच्या हातात आधी सुई-दोरा नको, जुन्या सुती साडीचा वीतभर चौकोन द्या. तो उभा ओढायला सांगा, मग आडवा, मग कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे. उभं-आडवं कापड फारसं दाद देत नाही. तिरपं ओढलं की तेच कापड लांबतं आणि मध्ये अरुंद होतं.

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेत मागाच्या खडखडाटात वाढलेल्यांना याचं कारण सांगायला नको. मागावर ताणून बांधलेले उभे धागे म्हणजे ताणा, धोटा, म्हणजे दोरा नेणारी नळी, त्यांच्यातून आरपार नेतो तो आडवा धागा म्हणजे बाणा. दोन्ही मिळून कापडभर बारीक चौकटी होतात. सरळ ओढलं की सगळा जोर धाग्याच्या लांबीवर येतो, आणि सुती धागा फार ताणत नाही. तिरपं ओढताना धाग्यांची लांबी तीच राहते, ते फक्त एकमेकांवर किंचित फिरतात आणि चौकटीचा पतंग होतो. ४५ अंशांच्या आसपास हे सगळ्यात जास्त. शिंपी यालाच उरेब म्हणतात. ब्लाऊजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी. सरळ पट्टी गोलाईवर चुण्या धरते.

म्हणून बाहुलीचे हातपाय सरळ धाग्यात कापावेत. उरेब कापले तर कापूस ठासता ठासता हात लांबतो, वेडावाकडा होतो. डोक्याला मात्र ताणणारं कापड हवं, गाल गोल येतात. जुनं बनियन त्याला उत्तम. त्यात ताणा-बाणा नसतोच, धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे ते सगळीकडून ताणतं.

आत भरायला उशीतला जुना कापूस चालेल, पण पिंजून. बोंड उमलून वाळलं की कापसाचा तंतू चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. या पिळांमुळे तंतू एकमेकांना धरतात, मध्ये हवा अडकते. खानापूरकडे रानात सावरीचा कापूस मिळतो. त्याचा तंतू पोकळ आणि मेणचट, म्हणून हलका, पाणी न धरणारा. पण इतका गुळगुळीत की सैल टाक्यातून हमखास बाहेर येतो.

चेहऱ्याला वर दोन ठिपके, खाली एक रेघ एवढंच पुरे. अशा मांडणीमागे नुकती जन्मलेली बाळंसुद्धा विस्कटलेल्या चेहऱ्यापेक्षा जास्त नजर फिरवतात, असं १९७५ च्या आणि पुढे १९९१ च्या प्रयोगांत दिसलं. डोळे धाग्यानेच भरा. घरात ३ वर्षांखालचं मूल असेल तर बटण नकोच, निघालं की थेट तोंडात जातं आणि घशात अडकू शकतं.