कास्तेल्लानी घराणे

रोम येथील एकोणिसाव्या शतकातील जवाहिरे, सुवर्णकार आणि पुरावस्तूंचे संग्राहक असलेले घराणे. इट्रुस्कन (रोमन सत्तेपूर्वीच्या मध्य इटलीतील), ग्रीक व रोमन दागिन्यांच्या अभ्यासावर आधारलेली, पुढे ‘पुरातत्त्वीय’ म्हणून ओळखली गेलेली अलंकारशैली युरोपात रूढ होण्यात या घराण्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी (१७९४–१८६५) याने पेढी काढली, त्याचे पुत्र आलेस्सांद्रो (१८२३–८३) व आउगुस्तो (१८२९–१९१४) यांनी ती नावारूपाला आणली आणि आउगुस्तोचा मुलगा आल्फ्रेदो (१८५६–१९३०) याच्याबरोबर तिचा शेवट झाला.

पेढीची स्थापना सामान्यतः १८१४ च्या सुमारास झाली असे मानतात; काही नोंदींत १८१५ हे वर्ष आढळते. प्रारंभी तेथे त्या काळच्या फ्रेंच व इंग्रजी धाटणीचे दागिने घडत. १८२६ मध्ये फोर्तुनातोने रोमच्या लिंचेई या विज्ञान अकादमीपुढे रासायनिक प्रक्रियेने सोन्याला रंग आणण्याविषयी एक निबंध वाचला. दांतेचा अभ्यासक आणि सेर्मोनेताचा ड्यूक मिकेलांजेलो काएतानी (१८०४–८२) याच्याशी त्याचा निकटचा स्नेह होता. काएतानी स्वतः हौशी कारागीर होता आणि पेढीसाठी दागिन्यांची संकल्पचित्रे काढून देई.

पुरातत्त्वीय शैलीचा आरंभ नेमका केव्हा झाला, याविषयी एकवाक्यता नाही. घराण्याच्या स्वतःच्या लेखनात तो १८२० नंतरच्या दशकातला सांगितला आहे. १८३६ मध्ये चेर्वेतेरी येथे रेगोलिनी-गालास्सी हे थडगे उघडले गेले. ते इ. स. पू. सातव्या शतकातील असून त्यातील सोन्याच्या वस्तूंविषयी पोपच्या शासनाने फोर्तुनातो व काएतानी यांचा सल्ला घेतला होता. या प्रसंगापासून शैलीचा उगम मोजण्याचीही प्रथा आहे. तथापि आज परिचित असलेले, प्राचीन नमुन्यांवर बेतलेले बहुतेक दागिने १८५० नंतरचे दिसतात. त्यामुळे १८३६ चा शोध ही प्रेरणा मानून प्रत्यक्ष शैलीची घडण पुढच्या पिढीकडे देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. या पिढीला अभ्यासासाठी आणखी एक मोठे साधन लाभले. मार्केसे (उमराव) काम्पाना या संग्राहकाचा प्रचंड पुरावस्तुसंग्रह त्याच्या अटकेनंतर जप्त झाला होता आणि त्यातील प्राचीन दागिने कास्तेल्लानी बंधूंना जवळून हाताळता आले. हा संग्रह १८६१ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतला आणि त्याचा मोठा भाग लूव्र संग्रहालयात गेला.

घराण्याच्या इतिहासातील सर्वांत चर्चिलेला प्रश्न रवेकामाचा आहे. सोन्याचे सूक्ष्म गोल रवे पत्र्यावर ओळीने किंवा त्रिकोणी पुंजक्यांत बसवून नक्षी उठवण्याची कला इट्रुस्कन सोनारांनी पराकोटीला नेली होती. त्यांचे काही रवे मिलिमीटरच्या पंचमांशाहूनही लहान आहेत. रवे तयार करणे तुलनेने सोपे आहे. सोन्याचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत तापवले की वितळताना पृष्ठताणामुळे ते आपोआप गोल होतात. खरी अडचण ते चिकटवण्याची असते, कारण नेहमीचा डाख वितळून रव्यांमधल्या फटींत भरतो आणि प्रत्येक रव्याचा सुटेपणा, ज्यावर या कामाचे सारे सौंदर्य अवलंबून आहे, तो नाहीसा होतो.

१८६० च्या सुमारास पॅरिस येथील अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात आलेस्सांद्रोने आपल्या प्रयोगांची हकिकत दिली आहे. तीनुसार मार्के प्रांतातील सांत आंजेलो इन वादो या डोंगराळ गावी स्त्रियांच्या पारंपरिक दागिन्यांत जुन्या पद्धतीचे काम अद्याप टिकून असल्याचे आढळले आणि तेथील काही कारागिरांना रोमला आणण्यात आले. जोडकामात नेहमी वापरतात त्या टाकणखाराऐवजी आर्सेनिकचे क्षार वापरून आणि डाखाची कानशीने अत्यंत बारीक भुकटी करून बंधूंनी प्राचीन कामाच्या जवळ जाणारा परिणाम साधला. मात्र प्राचीनांकडे आपल्याला अज्ञात अशी एखादी खास रासायनिक युक्ती असावी, हेही त्याने त्याच निबंधात मान्य केले. ही कबुली महत्त्वाची आहे. डोंगरातील गावात एक प्राचीन विद्या अखंड जगत होती, या कथेला पेढीच्या प्रसिद्धीसाठीही मोल होते. इट्रुस्कन काळापासून तेथवर सलग परंपरा होती असे मानण्यास मात्र पुरेसा आधार नाही.

पुढे १९३३ मध्ये एच. ए. पी. लिटलडेल या इंग्रजाने तांब्याचा क्षार आणि सरस यांचे मिश्रण वापरण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले. तापवल्यावर सरसाचा कोळसा होतो, तो सुमारे ८५०° से. तापमानाला तांब्याच्या ऑक्साइडचे तांब्यात रूपांतर करतो आणि हे तांबे लगतच्या सोन्याशी मिसळून फक्त स्पर्शबिंदूपाशी कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू बनवते. वेगळा डाख नसल्याने फटी भरत नाहीत. प्राचीन रोमन लेखक प्लिनीने तांब्याचा गंज वापरून सोने जोडण्याची जी रीत वर्णिली आहे तिच्याशी ही कल्पना जुळते. दुसऱ्या मतानुसार काही इट्रुस्कन वस्तूंत क्षाराविनाच, केवळ नेमक्या उष्णतेने, पृष्ठभाग एकमेकांत विलीन झाले असावेत. एकच उत्तर सर्व कार्यशाळांना लागू न करणे अधिक सयुक्तिक ठरेल. कास्तेल्लानींचे रवेकाम डाख वापरून केलेले आहे आणि भिंगाखाली त्याचा फरक जाणवतो. तरीही आपल्या काळात त्याला फारशी तोड नव्हती.

संकल्पनांच्या दृष्टीने आउगुस्तोने इटलीतील सुवर्णकलेची आठ कालखंडांत विभागणी केली होती. आदिम काळापासून इट्रुस्कन, रोमन, मध्ययुगीन, प्रबोधनकालीन अशा क्रमाने आधुनिक काळापर्यंत येणाऱ्या या विभागणीनुसार दालनातील मांडणी केलेली असे. मेंढ्याच्या वा वृषभाच्या मुखाची पदके, बुला ही पोकळ पदकाकृती, स्कॅरॅब (भुंगेऱ्याच्या आकाराची रत्ने), कोरीव रत्ने, पुरातन नाणी बसवलेले हार आणि सूक्ष्म कुट्टिमचित्रांचे (मोझेइकचे) ब्रूच हे पेढीचे खास प्रकार होत. कुट्टिमकामात लुईजी पोदिओ याचा हात होता. त्यावरील ‘रोमा’सारखी अक्षरे व ख्रिस्ती चिन्हे केवळ शोभेची नव्हती, एकीकरणाच्या काळात इटलीचा वारसा एकसंध आहे, असा दावा त्यांतून व्यक्त होई. बहुतेक वस्तूंवर पाठीला पाठ लावून गुंफलेल्या दोन ‘सी’ अक्षरांची मुद्रा असते.

आलेस्सांद्रोने तरुणपणीच अपघातात हात गमावला होता. प्रजासत्ताकवादी मतांमुळे त्याला रोम सोडावे लागले. परदेशातील वास्तव्यात त्याने पॅरिस व लंडनमध्ये पेढीचे नाव केले आणि नेपल्सला शाखा काढली. जाचिंतो मेलिल्लो हा सुवर्णकार तेथेच पुढे आला. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पेढीला मोठे यश मिळाले. आलेस्सांद्रो पुरावस्तूंचा मोठा व्यापारीही होता आणि ब्रिटिश म्युझियमने १८७२–७३ मध्ये त्याच्याकडून मौल्यवान संग्रह घेतला. त्याच्यामार्फत आलेली एक इट्रुस्कन मृत्तिका-शवपेटिका नंतर बनावट ठरली. प्राचीन तुकड्यांना नवी जोड देऊन अलंकार पूर्ण करण्याची रीत तेव्हा सर्वत्र होती, त्यामुळे या काळातील संग्रहांत जुने व नवे वेगळे करणे तज्ज्ञांनाही कठीण जाते.

रोममध्ये राहिलेल्या आउगुस्तोने १८७० नंतर कॅपिटोलिन संग्रहालयाच्या कामात मोठा भाग घेतला. त्रेवी कारंज्याच्या चौकातील त्याचे दालन परदेशी प्रवाशांचे आकर्षण होते. विसाव्या शतकात अभिरुची बदलली आणि पेढीचा व्याप आटत गेला. आल्फ्रेदोने संग्रह इटालियन शासनाला दिला. प्राचीन वस्तू आणि पेढीने घडवलेले अलंकार रोमच्या व्हिल्ला जूलिया संग्रहालयात शेजारीशेजारी ठेवलेले आहेत. २०१३ मध्ये तेथून काही कास्तेल्लानी दागिने चोरीस गेले होते; त्यांतील बहुतेक पुढे परत मिळाले.